अडकलेला बोल्ट : जोर कधी लावायचा आणि कधी थांबायचं

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. आजचं व्याख्यान गोरेगावात होतंय, पण मुंबईच्या नाही. हे आमचं गोंदिया जिल्ह्यातलं गोरेगाव, गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. धानाच्या बांध्या, राईस मिल आणि मिलच्या मागे टिनाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्या, हे इथलं नेहमीचं चित्र. आजचा विषय त्या शेडमधूनच आलेला आहे.

जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा सुरू करायचं म्हटलं की लोक कार्बोरेटर, पिस्टन, वायरिंग यांबद्दल विचारतात. पण कामाचा पहिला आठवडा जातो तो बोल्ट सोडवण्यात. आणि इंजिन वाचणार की भंगारात जाणार, हे बऱ्याचदा त्याच आठवड्यात ठरतं. म्हणून आज दुसरं काही नाही, फक्त अडकलेला बोल्ट.

सुरुवात आमच्या चुकीपासून

काही वर्षांपूर्वी आम्हा तिघा-चौघांकडे एक जीप आली. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल इंजिनची. मालकाच्या वडिलांनी ती तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलभर फिरवली होती. वडील गेले, आणि जीप मिलच्या शेडमध्ये तनसीच्या ढिगाशेजारी उभी राहिली. वीसेक पावसाळे तिने तिथेच काढले. मुलाची एकच इच्छा होती, "बाबांच्या जीपचा आवाज एकदा ऐकायचा आहे जी."

आम्ही उत्साहाने कामाला लागलो. सायलेन्सरकडे जाणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढायचा होता. नट गंजून लाल झाले होते. रॉकेल मारलं, पाच मिनिटं थांबलो, पाना लावला, पान्यावर तीन फुटांचा पाईप चढवला आणि दोघांनी मिळून जोर दिला. नट फिरला. आम्ही खूश झालो. मग लक्षात आलं की नटाबरोबर अर्धा स्टडही हातात आलाय. उरलेला अर्धा इंजिन ब्लॉकमध्ये, तोंडाशी सपाट. यातून काही शिकण्याऐवजी आम्ही दुसऱ्या नटाकडे वळलो, आणि तासाभरात तोही तोडला.

गावातले एक म्हातारे मिस्त्री तिथे बसून बघत होते. डिझेल इंजिनं आणि मिलची मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी आम्हाला थांबवलं आणि एवढंच म्हणाले, "बोल्ट तुटाच्या आंधी सांगते जी. आयकाले पायजे."

आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचा खुलासा आहे असं समजा. बोल्ट काय सांगतो, कसं सांगतो, आणि ते ऐकायचं कसं?

एका स्टडसाठी एवढा जीव का टाकायचा?

महिंद्राने विलीज जीप जुळवायला १९४७ मध्ये मुंबईत सुरुवात केली. पुढे सीजे-३बी आली, तिच्यात हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं साधारण २.२ लिटरचं इंजिन. नंतर पेट्रोल महागलं तसं अनेकांनी ते इंजिन काढून डिझेल बसवलं. त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असलेली जीप आज सहज दिसत नाही. त्या इंजिनाचा ब्लॉक आता नव्याने बनत नाही. ब्लॉकमध्ये स्टड तुटला, तो काढताना भोक वाकडं गेलं आणि पाण्याच्या वाटेपर्यंत पोचलं, तर बाजारात जाऊन दुसरा आणता येत नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनं वाहन त्यात बसतं, पण मूळ रूपात राखलेलं असावं लागतं; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे मूळ इंजिन वाचवणं ही केवळ हौस राहिलेली नाही. आमच्याकडे तर अनेक गाड्यांच्या जुन्या कागदांवर भंडारा लिहिलेलं आहे, कारण गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. त्या कागदावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळणं, याची किंमत गाडी ठेवणाऱ्यांना विचारा.

बोल्ट धरतो कसा?

आपल्याला वाटतं, बोल्ट म्हणजे लोखंडी खिळा, फक्त आटे पाडलेला. तसं नाही. बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. आपण आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो, आणि पुन्हा आखडायच्या ओढीने दोन भाग दाबून धरतो.

आता गंमत बघा. आपण पान्याने जो पीळ देतो, त्यातला ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. हे स्वच्छ, नव्या बोल्टचं. गंज चढला की आट्यांमधलं घर्षण कितीतरी वाढतं. मग पान्यावर दिलेला जोर आटे सोडवायला पोचतच नाही, तो बोल्टच्या दांड्याला पिळत बसतो. दांडा कुठवर सोसेल? एका हद्दीपर्यंत. त्यापुढे तो तुटतो.

आणि ही हद्द जाडीवर फार अवलंबून आहे. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६ मिलिमीटरचा घन २१६, १० मिलिमीटरचा १०००. म्हणजे दहाचा बोल्ट सहाच्या बोल्टपेक्षा साडेचार पटींहून जास्त पीळ सोसतो, जरी डोळ्यांना तो दुप्पटही दिसत नाही. एक फुटाच्या पान्यावर तीन फुटांचा पाईप चढवला की जोर तिप्पट होतो. जो पाईप चाकाच्या नटाला चालतो, तोच छोट्या बोल्टचा काळ ठरतो. आमची पहिली चूक हीच होती.

अडकतो कशामुळे?

कारणं ढोबळमानाने तीन आहेत, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिलं कारण गंज. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं; गंजाच्या प्रकाराप्रमाणे मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत. आट्यांमधली फट केसाहून बारीक. तिथे हा फुगलेला गंज बसला की पाचर ठोकल्यासारखं होतं. आमच्याकडे चार महिने पाऊस, त्यात शेजारी तनस किंवा कोंडा, जो ओल धरून ठेवतो. मग उन्हाळ्यात टिनाखाली भट्टी. ओल आणि सुकणं यांची पाळी वर्षानुवर्षं चालते आणि गंज थरावर थर चढवतो.

दुसरं कारण दोन वेगळे धातू. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्टड असेल आणि त्यात पाणी शिरलं, तर तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी फटीत घट्ट बसते. हा लाल गंज नव्हे, आणि त्याच्यावर साध्या तेलाचा असर कमी.

तिसरं कारण उष्णता. एक्झॉस्टचे नट वर्षानुवर्षं तापले-निवले, वरची पातळ पापडी जळाली, आटे एकमेकांत रुतले. इथे दांडाही आतून खंगलेला असतो. म्हणून एक्झॉस्टचा नट दिसतो तेवढा मजबूत नाही, असंच धरून चालायचं.

पाना उचलण्याआधी

मिस्त्रींनी आम्हाला पहिला दिवस पान्याला हातच लावू दिला नाही. आधी बघा म्हणाले. काय बघायचं?

एक, माप. जीप अमेरिकन घराण्यातली, तिचे बोल्ट इंचातले. फियाट आणि प्रीमियर पद्मिनी मिलिमीटरच्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर ढिला. नव्या बोल्टला ते चालून जाईल, अडकलेल्याचे कोपरे मात्र घासून गोल होतील. आणि शक्यतो सहा कोनांची गोटी वापरायची. बारा कोनांची गोटी टोकांवर धरते, सहाची बाजूंवर.

दोन, दिशा. सगळे आटे एकाच बाजूला फिरत नाहीत. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. लोक तासभर "सोडवतात" म्हणजे प्रत्यक्षात आवळत असतात.

तीन, लपलेले बोल्ट. हरिकेन इंजिनात हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, हवा आत जाते त्या वाटेत असतो. कार्बोरेटर काढल्याशिवाय तो दिसत नाही. बाकीचे सगळे काढले, तरी हेड हलत नाही. मग माणूस फटीत छन्नी घालतो, आणि हेडचं सपाट तोंड कायमचं खराब होतं. अडकलेलं वाटतंय ते खरंच अडकलंय, की अजून एखादा बोल्ट आहे, हे आधी तपासा. शंभर वेळा सांगावं असं हे आहे.

क्रम : साफ, तेल, ठोका, हलवा, मग गरम

आता प्रत्यक्ष काम. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची पायरी आधीच्यापेक्षा धोक्याची आहे.

पहिल्यांदा साफ करा. तारेच्या ब्रशने बाहेर निघालेले आटे चकचकीत करायचे. नटाला बाहेर पडताना याच आट्यांवरून जायचंय. तिथली माती-गंज तशीच राहिली, तर सुटलेला नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो.

मग तेल. आत शिरणारं तेल फटीत जातं ते स्वतःच, जशी कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. फट बारीक, तेल पातळ, तर ते लांब जातं, पण त्याला वेळ लागतो. पाच मिनिटांनी काही होत नाही. आम्ही आता सकाळ-संध्याकाळ असे किमान तीन दिवस तेल देतो. डब्ल्यूडी-४० चा साधा डबा सगळे वापरतात, पण तो मुळात ओल हटवण्यासाठी बनलेला आहे. गंज सोडवायचं खास तेल मिळालं तर ते घ्या. अनेक गॅरेजवाले ॲसिटोन आणि गियरचं पातळ एटीएफ तेल निम्मं-निम्मं मिसळतात. ते नीट एकजीव होत नाही, दर वेळी हलवावं लागतं, आणि ॲसिटोन झटकन पेट घेतं. आगीपासून लांब. काहीच नसेल तर रॉकेल किंवा डिझेल चालतं, फक्त दिवस जास्त द्या.

मग ठोका. बोल्टच्या डोक्यावर सरळ, त्याच्या लांबीच्या दिशेने, पितळेचा तुकडा ठेवून हातोडीचे मध्यम ठोके. जोरात एक नको, हलके वीस. गंज ठिसूळ असतो, त्याला धक्का सोसत नाही, पोलादाला सोसतो. ठोक्याने गंजात बारीक तडे जातात, आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं. म्हणून तेल, ठोके, पुन्हा तेल.

मग हलवा, पण आधी उलट. म्हणजे सोडवण्याआधी किंचित आवळायचं. ऐकायला विचित्र वाटतं. गंजाची पकड मोडण्यासाठी आपल्याला फक्त थोडी हालचाल हवी आहे, कोणत्याही दिशेने. आवळायच्या बाजूला एक केसभर हलला की पकड तुटली. मग मागे. पाव फेरा सुटला की पुन्हा अर्धा पाव आत, थोडं तेल, पुन्हा बाहेर. तो निघताना गंजाची भुकटी आपल्याच पुढे ढकलत असतो. सलग फिरवत राहिलात तर ती भुकटी साचून तो पुन्हा जॅम होतो.

बोल्ट काय सांगतो?

इथे मिस्त्रींचं वाक्य कामाला येतं. सुटणारा बोल्ट आणि तुटणारा बोल्ट, दोघंही हाताला "फिरला" असंच सांगतात. फरक आवाजात आणि पान्याच्या दांड्यात.

सुटणारा बोल्ट 'टक्' असा कोरडा आवाज करतो. त्याच क्षणी जोर एकदम कमी लागतो. पुढे करकर, चुंई असं काही तरी ऐकू येतं. हा आवाज चांगला.

तुटणारा बोल्ट गप्प असतो. पाना मऊ वाटतो, रबर पिळल्यासारखा. फिरतोय, पण जोर कमी होत नाही, आवाज नाही. दांडा पिळवटायला लागलाय. इथे थांबायचं. हात तिथल्या तिथे सैल सोडायचा. अजून पाव फेरा दिला तर गेला.

डोळ्यांनी बघायची युक्तीही आहे. स्टडच्या टोकावर आणि नटावर मिळून खडूने एक सरळ रेघ ओढा. नट फिरताना रेघ तुटली, म्हणजे नट स्टडवरून सुटतोय. रेघ अखंड राहिली, म्हणजे स्टडही सोबत फिरतोय. एक तर अख्खा स्टड ब्लॉकमधून निघतोय किंवा आत पिळवटतोय. हाताला मऊ लागत असेल तर दुसरंच समजा. या रेघेला एक रुपयाचा खडू लागतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी तो असता तर दोन्ही स्टड वाचले असते.

आग

तेल-ठोक्याने जमलं नाही तर गरम करायचं. इथे थोडं गणित करू. पोलाद दर अंशाला लांबीच्या लाखात १.२ भाग एवढं प्रसरण पावतं. १० मिलिमीटरचं भोक असलेला नट ३०० अंशांनी तापवला, आणि आतला स्टड थंड राहिला, तर भोक वाढतं ०.०३६ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या साधारण निम्मं. एवढीच फट, पण गंजाची पाचर ढिली करायला ती पुरते. म्हणून ज्योत नटावर धरायची, स्टडवर नाही, आणि पटकन. सगळंच सावकाश तापवलं तर दोन्ही एकत्र फुगतात, फायदा शून्य.

गरम नटाच्या कडेला मेणबत्तीचं मेण टेकवायचं. ते वितळून आत ओढलं जातं. जुने कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत.

पण बिडाच्या ब्लॉकवर गरम असताना पाणी कधीही ओतू नका. तडा जातो, आणि मग स्टडचा प्रश्नच उरत नाही. पेट्रोलची टाकी, नळी, बॅटरी आधी लांब. शेडमध्ये तनस असेल तर तिथे ज्योत पेटवायचीच नाही, गाडी उघड्यावर ढकला, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत लावू नका. त्यातून फॉस्जीन नावाचा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो.

पद्मिनीचं वेगळं आहे

आतापर्यंत लोखंडात लोखंड होतं. आता दुसरी गाडी घेऊ, जी अजून अनेक घरांच्या आवारात आहे. प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायला लागली, पुढे तीच पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सी म्हणून तिची ओळख, तो प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. पण खाजगी गाड्या आहेत, आणि लोक त्या आता प्रेमाने दुरुस्त करतायत.

हिचं १०८९ सीसीचं इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. म्हणजे आपलं दुसरं कारण, पांढरी भुकटी. नट सगळे निघतात, पण हेड स्टडांवरून वर उचलत नाही. इथे फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. ॲल्युमिनियम मऊ, लगेच खाच पडते, मग गॅस्केट बसत नाही.

इथे प्रसरण आपल्या बाजूने आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून इथे स्टड आणि हेड दोन्ही तापले तरी चालतं, भोक जास्त मोठं होतं. १५० अंशांच्या आसपास पुरे. मात्र ॲल्युमिनियम लाल होत नाही. लोखंडासारखी रंगाची वाट बघत बसाल तर ते एकदम वितळून खाली येईल. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो चुरचुरून लगेच उडाला की ज्योत बाजूला. तेल प्रत्येक स्टडच्या भोवती रोज, आणि हेडच्या जाड भागांवर लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलके ठोके. आठवडा गेला तरी हरकत नाही.

तुटलाच तर

मंडळी, एवढं करूनही तुटतो. मग काय?

पहिलं, थोडा बाहेर उरला असेल तर त्यावर नट ठेवून मधून वेल्डिंग भरा. हा सगळ्यात चांगला उपाय, कारण वेल्डिंगची उष्णता थेट स्टडमध्ये जाते, त्यातून गंजाची पकड सैल होते, आणि पान्याला नवं डोकंही मिळतं. सपाट तुटलेल्यावरही कसलेला वेल्डर थेंब-थेंब चढवत हे करतो. थंड होऊ द्या, मेण द्या, आणि पुढे-मागे करत काढा. पहिल्यांदा वेल्डिंग सुटलं तर पुन्हा. चार-पाच वेळा लागतात.

दुसरं, ड्रिल. बरोबर मध्यावर पंच मारून, बारीक बिटने सुरू करून वाढवत जायचं. मध्य चुकला तर बिट मऊ बिडाकडे सरकतं. सगळा खेळ त्या पहिल्या पंचचा आहे, घाई करू नका. उलट फिरणारं बिट मिळालं तर उत्तम, कधी कधी ड्रिल करता करताच तुकडा बाहेर येतो.

तिसरं, ज्याला गॅरेजमध्ये इझी आउट म्हणतात. नावाला फसू नका. ते कडक पण ठिसूळ पोलाद असतं. जो स्टड पान्याने तुटला, तो त्याच्याहून बारीक इझी आउटने निघेल ही आशा कमीच. आणि ते आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

चौथा घरगुती उपाय. तुरटी. घड्याळ दुरुस्त करणारे पितळेत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या कोमट पाण्यात ठेवून विरघळवतात. ॲल्युमिनियमच्या सुट्या भागात तुटलेल्या पोलादी तुकड्यालाही हे चालतं, दिवस लागतात. पण बिडाच्या ब्लॉकवर नाही. तिथे तुरटी ब्लॉकही खाईल.

परत बसवताना

आपण जे भोगलं ते पुढच्या माणसाने भोगू नये. आटे टॅप फिरवून साफ करा. एक्झॉस्टला नवे स्टड आणि पितळी नट लावा. पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही, आणि पुढच्या वेळी गेलाच तर स्वस्त नट जातो, स्टड राहतो. आट्यांना न चिकटण्याचं ग्रीस लावा. ॲल्युमिनियममध्ये तांब्याऐवजी निकेलचं बरं. पण लक्षात ठेवा, घर्षण कमी झालं की त्याच पान्याच्या जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. पुस्तकातला टॉर्क कोरड्या आट्यांचा असेल तर ग्रीस लावल्यावर तो कमी करावा लागतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : बोल्टचं डोकंच गोल झालं असेल तर?*

एक मापाने लहान गोटी ठोकून बसवा. इंच आणि मिलिमीटर दोन्ही संच जवळ असतील तर मधलं माप सापडतं. नाहीच जमलं तर नट छन्नीने उभा चिरा. नट मेला तरी चालेल, स्टड जगला पाहिजे.

*प्रश्न : इंजिनच जाम आहे, फिरत नाही. गाडी दुसऱ्या गाडीने ओढून फिरवली तर?*

नका हो. हाच प्रकार, मोठ्या प्रमाणात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल भरा, आठ-दहा दिवस द्या, मग पुढच्या पुलीच्या नटावर हाताने पुढे-मागे. ओढलंत तर रिंगा आणि पिस्टन तुटतात.

*प्रश्न : एवढे दिवस कोण थांबणार? मिस्त्रीची रोजी असते.*

हा खरा प्रश्न आहे. उत्तर असं की थांबणं म्हणजे बसून राहणं नाही. तेल द्यायला दोन मिनिटं लागतात. शनिवारी तेल देऊन दुसरं काम करा. तुटलेला एक स्टड काढायला आमचे दोन पूर्ण दिवस गेले, वेल्डरची मजुरी वेगळी. न तुटलेल्यांना एकूण मिळून दिवसभराचं काम लागलं, फक्त ते आठवडाभर पसरलं होतं.

शेवटचा नट

त्या जीपचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. उरलेल्या नटांना आम्ही पाच दिवस तेल दिलं. मिस्त्री रोज संध्याकाळी येत, हातोडीचे वीस ठोके मारत, चहा घेत आणि जात. सहाव्या दिवशी त्यांनी पाना आमच्या हातात दिला, पाईप मात्र लपवून ठेवला. एकेक नट 'टक्' करत सुटला. शेवटच्याला पाना मऊ लागला. आम्ही थांबलो. तो तसाच सोडला, पुन्हा दोन दिवस तेल, मग गरम करून मेण. आठव्या दिवशी तोही बोलला.

तुटलेले दोन वेल्डरने काढले, एकाचे आटे गेले होते, ते मोठे पाडून नवा स्टड बसवावा लागला. ती आमच्या घाईची खूण त्या ब्लॉकवर कायम आहे. जीप दिवाळीच्या आधी सुरू झाली. मुलगा काही बोलला नाही, बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

तुमच्याही शेडमध्ये अशी एखादी गाडी असेल. आज घरी जाऊन पाना उचलू नका. तारेचा ब्रश, तेलाची डबी आणि खडू, एवढंच घेऊन जा. पाना पुढच्या आठवड्यात.